नाईलकाठचे घोडे आणि एक पत्र

कैरो शहराच्या जुन्या भागात सय्यिदा झैनब नावाचा मोहल्ला आहे. पैगंबरसाहेबांच्या नातीचे हे नाव. तिच्या नावाची मोठी मशीद तेथे आहे आणि मशिदीच्या अवतीभवती दाट वस्ती. अरुंद बोळ, भाजीच्या हातगाड्या, भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावांच्या चळती, चहाच्या दुकानापुढे हुक्का ओढीत बसलेली म्हातारी माणसे. आपल्याकडच्या जुन्या मंडईमागची आळी आठवावी असे सगळे. मोटारींचा भोंगाट एवढा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तरी त्या गर्दीतूनही अधूनमधून एखादी गाढवाची गाडी वाट काढीत जाते आणि गाडीवान मोटारवाल्याइतक्याच जोरात ओरडतो.

इजिप्तला जाणारा माणूस पिरॅमिड पाहतो, वस्तुसंग्रहालयातल्या ममी पाहतो, नाईल नदीत नावेतून फिरतो आणि परत येतो. ते सारे पाहण्यासारखे आहेच. पण ज्यांच्या दावणीला जनावर आहे अशा वाचकांना मी या सय्यिदा झैनबच्या बोळात आधी नेणार आहे. कारण घोड्यांसाठी लोकांकडून पैसे गोळा करण्याची जगातली एक फार मोठी खटपट याच मोहल्ल्यात रुजली. ती सुरू झाली वर्तमानपत्रात छापून आलेल्या एका साध्या पत्रापासून.

त्यासाठी पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जावे लागते. १९१७-१८ साली इंग्रजांचे सैन्य इजिप्तमधून निघून पॅलेस्टाइनमार्गे दमास्कसपर्यंत गेले. ही लढाई घोडदळाची होती. त्या वाळवंटात मोटारी रुतत आणि पाण्याच्या विहिरी दूर दूर असत. घोडे ऑस्ट्रेलियाचे होते, इंग्लंडचे होते, आणि आपल्याकडूनही घोडदळाची पथके गेली होती. पुण्याचे नाव लावणारे 'पूना हॉर्स' त्या मोहिमेत होते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर घेतले ते जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी. दिल्लीला तीन मूर्ती चौकात जे तीन शिपाई उभे आहेत ते जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादच्या याच स्वारांच्या स्मरणार्थ. माणसांची आठवण अशी दगडात राहिली. ज्यांच्या पाठीवर बसून ती गेली, त्या घोड्यांचे काय झाले?

युद्ध संपले. घोडे परत न्यायचे तर जहाजाचे भाडे भारी, शिवाय ऑस्ट्रेलियात रोगराई येऊ नये म्हणून परदेशी राहिलेल्या जनावराला बंदी. त्या देशातून एक लाख तीस हजारांहून अधिक घोडे परदेशी गेले होते. त्यांतला मायदेशी परत गेला तो एकच, एका सेनापतीचा 'सँडी' नावाचा घोडा. बाकीचे काही लढाईत मेले, काही भारताच्या पलटणींत आले, काही म्हातारे म्हणून गोळी घालून संपवले. आणि इजिप्तमध्ये वीस हजारांच्या आसपास घोडे तिथल्या तिथे बाजारात विकून टाकले. सरकारी हिशेबाच्या वहीत ती एक जमेची ओळ झाली असेल. घोड्यांच्या नशिबी दगडांच्या गाड्या, मालाच्या गाड्या आणि ऊन आले.

बारा वर्षे गेली. १९३० साली डोरोथी ब्रुक नावाची इंग्रज बाई कैरोला आली. तिचा नवरा तिथल्या इंग्रज घोडदळाचा अधिकारी. बाई स्वतः घोड्यांत वाढलेली. तिने ऐकले होते की युद्धातले काही घोडे अजून शहरात जिवंत आहेत. शोधायला लागली तेव्हा तिला ते दिसू लागले. पुठ्ठ्यावर सरकारी बाणाचा डाग, पण डागाखाली नुसती हाडे. कोणाचे डोळे गेलेले, कोणाचे गुडघे सुजलेले, कोणाची पाठ साजाखाली सोलवटून निघालेली. वयाने सगळे विशीच्या पुढचे. घोड्याचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे धरले तर हे आपल्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यासारखे झाले. आणि या वयात त्यांना भरगच्च गाडीला जुंपलेले.

बाईने १९३१ मध्ये लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्राला पत्र लिहिले. हे पत्र पुढे डेली टेलिग्राफमध्ये विलीन झाले, म्हणून आज त्या नावाने सापडत नाही. बाईच्या पत्रात कसलेही अलंकार नव्हते. हे घोडे आपणच विकले, ते आता विशीच्या पुढचे आहेत, त्यांचे हाल होत आहेत, ते विकत घेऊन त्यांचे हाल संपवायचे आहेत, त्यासाठी पैसा हवा, एवढाच मतलब. त्या काळात इंग्लंडात मंदी होती, बेकारी होती. तरी लोकांनी पैसे पाठवले. आजच्या भावाने ते वीस हजार पौंड भरतात, म्हणजे आपले वीस लाख रुपयांच्या वर. बाईने समिती नेमली, हिशेब ठेवला, आणि पुढच्या तीन वर्षांत पाच हजार म्हातारे घोडे विकत घेतले.

आता एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. ती ऐकून आपल्याकडच्या पुष्कळ वाचकांच्या मनात कालवाकालव होईल. या पाच हजार घोड्यांपैकी बहुतेकांना बाईने मारून टाकले. त्रास न होता, पण मारूनच. ते इतके थकलेले आणि रोगाने पोखरलेले होते की त्यांना वाचवणे म्हणजे दुखणे लांबवणे होते, असे तिचे म्हणणे. पाठीवरचा साज उतरलेला, मऊ अंथरूण, पोटभर दाणा आणि कुणी हाकलायला नाही, अशा अवस्थेत त्यांचा शेवट होत असे.

आपली रीत वेगळी. मुंबईला भुलेश्वरात १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ निघाले. थकल्या जनावराला मरेपर्यंत पोसायचे ही तिथली प्रतिज्ञा. पैसा कुठून? व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लागा बसवून घेतला. कापूस विकला की त्यातला एवढा भाग पांजरपोळाला, असा रिवाज पडला. दानशूर माणूस आज देतो, उद्या विसरतो. लागा विसरत नाही, कारण तो मालाबरोबर चालतो. पैसा उभा करण्याच्या दृष्टीने हा प्रकार मला बाईच्या पत्रापेक्षाही पक्का वाटतो.

मग कोण बरोबर, बाई की पांजरपोळ? मला वाटते, ज्याने जनावर पोसले आहे तो याचे उत्तर चटकन देणार नाही. पाय मोडलेला घोडा महिनाभर जमिनीवर तडफडताना पाहिलेल्या माणसाला बाईची बाजू कळते. आणि पंधरा वर्षे आपल्यासाठी राबलेल्या बैलाच्या डोळ्यांत पाहून दोर सोडायचा नाही असे ठरवलेल्या माणसाला पांजरपोळाची बाजू कळते. मात्र पांजरपोळ चालवायचे तर दाणावैरणीची वर्षभराची बेगमी हवी. भूतदयेने आत घेतलेले जनावर उपासाने मरत असेल तर त्या दयेला काय म्हणावे? जनावर सोडवण्याचा खर्च एकदाच येतो, पोसण्याचा रोज येतो. कोणत्याही संस्थेला देणगी देण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: आज जी जनावरे दावणीला आहेत त्यांच्या पुढच्या उन्हाळ्याच्या वैरणीची सोय झाली आहे काय?

बाईच्या कामातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तिने घोडे जप्त करवले नाहीत, पोलीस नेऊन सोडवले नाहीत. मालकाला पैसे मोजून घेतले. कारण तो मालक काही कसाई नव्हता. ज्या घोड्याच्या जिवावर त्याच्या घरची भाकर चालते तो घोडा त्याने फुकट दिला असता तर दुसऱ्या दिवशी मुले उपाशी. घोड्याचे हाल आणि माणसाची गरिबी ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, हे तिने जागच्या जागी पाहिले होते.

म्हणूनच म्हातारे घोडे संपत आले तेव्हा तिने काम बंद केले नाही. १९३४ साली सय्यिदा झैनबच्या वस्तीत 'जुन्या युद्धअश्वांचे स्मारक रुग्णालय' उघडले. गरिबाचा घोडा असो, खेचर असो, गाढव असो, उपचार फुकट. स्मारक म्हणजे पुतळा अशी आपली समजूत असते. इथे स्मारक म्हणून मलमपट्टीची खोली आणि तबेला बांधला गेला. बाई १९५५ साली कैरोलाच वारली आणि तिथेच तिला पुरले. तिच्या आडनावावरून चालणारी 'ब्रुक' ही संस्था आज कितीतरी देशांत कष्टकरी घोडे, खेचरे आणि गाढवे यांच्यासाठी काम करते. भारतातही करते. त्याविषयी पुढे येईल.

कैरोहून आगगाडीने दक्षिणेला निघाले की साडेसहाशे किलोमीटरवर लक्झर लागते. हा प्रवास शेतकऱ्याने दिवसाउजेडी करावा. एका बाजूला नाईल, मध्ये हिरवी पट्टी, आणि पट्टी संपते तिथे एकदम वाळवंट. इतके एकदम की एक पाय घासात आणि एक पाय वाळूत ठेवून उभे राहावे. गहू, ऊस, कांदा, भाजीपाला आणि जागोजाग बरसीम. हा बरसीम आपला ओळखीचा. १९०४ साली तो इजिप्तमधूनच हिंदुस्थानात आला आणि उत्तरेकडे दुभत्या जनावरांचा मुख्य हिरवा चारा होऊन बसला. आपण लसूणघासाच्या वाफ्यांना जपतो तसा इथला शेतकरी बरसीम जपतो. संध्याकाळी गाढवावर बरसीमचे एवढे भारे लादलेले असतात की गाढव दिसतच नाही, नुसता हिरवा ढीग चार पायांवर चाललेला दिसतो. वर कडेला एक पोरगे पाय सोडून बसलेले.

हिवाळ्यात ही चंगळ, पण उन्हाळ्यात बरसीम संपतो. मग गव्हाचा भुस्सा, त्याला ते तिब्न म्हणतात, आणि जोडीला मूठभर जव किंवा कोंडा. नुसत्या भुश्श्यावर घोडा काम ओढीत नाही. त्यात तो जमिनीवर टाकला तर घोडा वाळूसकट खातो, वाळू आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. उपाय काय, तर तोबरा बांधावा किंवा गव्हाण करावी. चार लाकडी फळ्यांची गव्हाण. लांबच्या देशातून आलेल्या देणगीतले कितीतरी पैसे अशा साध्या गोष्टींनी वाचतात. औषध महाग असते, फळी स्वस्त असते.

लक्झरला नाईलच्या काठाने रस्ता आहे. तिथे घोडागाड्या रांगेने उभ्या असतात. तिथल्या बोलीत गाडीला हंतूर म्हणतात. काळा टप, पितळेचे दिवे, घोड्याच्या कपाळावर निळे मणी, दृष्ट लागू नये म्हणून. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्यांना आठवतात त्यांना ओळख पटेल. गाडीवान हाका मारतात, भाव सांगतात, पन्नास सांगून वीसवर येतात. प्रवासी त्रासतात. पण त्या हाकांमागचे गणित सोपे आहे. गिऱ्हाईक मिळाले तर आधी घोड्याचा दाणा, मग घर. नाही मिळाले तर उलट क्रमाने कात्री लागते, आणि पहिली कात्री घोड्याच्या तोबऱ्याला.

हे गणित २०११ साली उघडे पडले. त्या वर्षी २५ जानेवारीला इजिप्तमध्ये क्रांती सुरू झाली. पाहुणे देश सोडून गेले आणि नवे येईनात. २०१० मध्ये तिथे १ कोटी ४७ लाख प्रवासी आले होते. २०११ मध्ये ९८ लाख. पहिल्या महिन्यांत तर जवळपास कोणीच नाही. पिरॅमिडच्या पायथ्याशी नझलेत अस्-समान नावाचे गाव आहे, त्या गावाचा धंदाच पाहुण्यांना घोड्यावर आणि उंटावर बसवून फिरवणे. तिथे घोडे दावणीला उपाशी मरू लागले. लक्झरला तीच गत. तेव्हा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी दवाखान्याचे नेहमीचे काम बाजूला ठेवून दाणा वाटला. परदेशातल्या लोकांनी वर्तमानपत्रांत हाडांचे सापळे झालेल्या घोड्यांची चित्रे पाहून पैसे पाठवले. १९३१ सालचीच गोष्ट दुसऱ्यांदा घडली म्हणा ना.

आपल्याकडे माथेरानला हे दृश्य २०२० मध्ये दिसले. टाळेबंदीत डोंगर बंद झाला. तिथे मोटारी नाहीत, म्हणून घोड्यावर बसणारा पाहुणा हीच घोडेवाल्याची शेती. ती एका दिवसात करपली. तेव्हाही लोकांनी डोंगरावर घोड्यांसाठी खाद्य पोचवले, म्हणून जनावरे तगली. संकटात लोक देतात, यात मला शंका नाही. पण दाणा पोचेपर्यंत घोड्याची चरबी उतरलेली असते, मग मांस उतरते, आणि एकदा खंगलेला घोडा भरून यायला कितीतरी महिने लागतात. एकदम पोटभर चंदी टाकली तर तीही बाधते, थोडीथोडी वाढवावी लागते. मदत वेळेवर हवी असेल तर पैसा संकटाच्या आधीच पेटीत असला पाहिजे.

लक्झरला 'ॲनिमल केअर इन इजिप्त' या नावाची संस्था आहे, तिने गाठलेली युक्ती मला आवडली. शाळकरी पोरे गाढवे घेऊन येतात, तिथे गाढवांना अंघोळ घालतात, जखमा दाखवतात, आणि शाळांचे वर्गच्या वर्ग तिथे येऊन जनावराला कसे हाताळावे ते शिकतात. गाडी हाकणारा उद्याचा माणूस आजच धरलेला बरा. नाईलकाठी फिरायला आलेले परदेशी प्रवासी हा दवाखाना पाहायला येतात आणि जाताना देणगी देऊन जातात. दवाखाना लोकांनी डोळ्यांनी पाहावा, एवढे दार उघडे ठेवणे हीसुद्धा पैसा जमवण्याची एक रीतच. ज्या संस्थेचे दार देणगीदाराला बंद असते तिथे मी तरी पाकीट काढणार नाही.

लक्झरच्या आणखी दक्षिणेला, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर एडफू आहे. होरस देवाचे प्रचंड मंदिर. नदीवरून येणाऱ्या आगबोटी धक्क्याला लागतात आणि धक्क्यापासून मंदिरापर्यंत जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरसाठी घोडागाड्या. भल्या पहाटे चार-पाच बोटी एकदम लागतात. शेकडो माणसे उतरतात, सगळ्यांना ऊन चढण्याआधी मंदिर पाहायचे असते. मग जी पळापळ होते ती पाहण्यासारखी नव्हे, डोळे मिटण्यासारखी. गाडीवान फेऱ्या जास्त व्हाव्यात म्हणून फरसबंद रस्त्यावर घोडा दौडवतो. नाल झिजून गुळगुळीत झालेला, घोडा घसरतो. चौघांच्या गाडीत सहा बसतात. आणि गंमत अशी की पळवलेल्या गाडीत बसून खुश झालेला पाहुणाच उतरताना बक्षीस देतो.

इथे देणगीची पावती नको, पेटी नको, समिती नको. सावकाश चालवणाऱ्याला दोन पैसे जास्त द्यावेत आणि पळवणाऱ्याला ठरल्यापेक्षा छदाम जास्त देऊ नये. दोघांच्या गाडीत दोघांनीच बसावे. घोड्याची पाठ आणि खांदा पाहून गाडी निवडावी. जखमी घोडा जुंपणाऱ्याला का नाकारले ते त्याला शांतपणे सांगावे. माथेरानला, महाबळेश्वरला, जत्रेतल्या टांग्यापाशी, किंवा लग्नात नवरदेवासाठी घोडा ठरवताना हे सगळे आपल्यालाही करता येते. वरातीचा घोडा बँडच्या कर्ण्याशी आणि फटाक्यांच्या माळेपाशी चार तास उभा असतो. त्याला पाणी दाखवले का, एवढे विचारणारा एक वऱ्हाडी निघाला तरी पुष्कळ.

इंग्लंडात या कामासाठी पैसा कसा उभा राहतो याचा शोध घेतला तर काही गोष्टी कळतात. 'ब्रुक'सारख्या संस्थांच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा मृत्युपत्रांतून येतो. आयुष्यभर घोडे पाळलेली, मूलबाळ नसलेली माणसे घराचा किंवा ठेवीचा काही भाग घोड्यांच्या नावे लिहून ठेवतात. काही ठिकाणी जुनी खोगिरे, लगाम, बूट, कपडे गोळा करून त्यांचे दुकान चालवतात. काही तरुण मुली आपल्या घोड्यावरून अमुक मैल जाईन असे जाहीर करतात आणि ओळखीचे लोक मैलामागे एवढे पैसे कबूल करतात. काही ठिकाणी एकेका घोड्याचे पालकत्व घ्यायला लावतात. वर्षाचा आकडा ठरलेला, बदल्यात घोड्याचा फोटो आणि खुशालीचे पत्र. ही शेवटची रीत चांगली आहे, पण तिच्यात एक खोच आहे. देखण्या शिंगराला पालक चटकन मिळतात, आंधळ्या म्हाताऱ्या घोडीला मिळत नाहीत. म्हणून समजदार संस्था पालकांचा पैसा सगळ्या दावणीवर सारखा वाटतात आणि तसे आधीच सांगतात.

आपल्याकडे मैलामागे पैसे कबूल करण्याची पद्धत रुजेल असे मला वाटत नाही. मृत्युपत्र करायचे म्हटले तरी आपली माणसे अपशकुन मानतात. पण वर्गणी, मूठभर धान्य, आणि भिशी आपल्या रक्तात आहे. आणि नेमक्या याच रस्त्याने भारतात घोड्यांचे काम पुढे गेले आहे.

उत्तर प्रदेशात वीटभट्ट्यांवर आणि टांग्यांना हजारो घोडे आणि खेचरे राबतात. तिथे 'ब्रुक'च्या माणसांनी आधी फिरते दवाखाने चालवले. मग त्यांच्या ध्यानात आले की डॉक्टर आला तर जखम बरी होते, डॉक्टर गेला की तीच जखम पुन्हा होते. खोगीर तेच, ओझे तेच. तेव्हा गावोगाव घोडेवाल्यांचे गट बांधायला सुरुवात झाली, पुष्कळ ठिकाणी घरच्या बायकांचे गट. आपल्याकडच्या बचत गटासारखेच. दरमहा ठरलेली रक्कम पेटीत टाकायची. कोणाचा घोडा आजारी पडला, गाडीचे चाक मोडले, जनावर दगावून नवे घ्यायचे झाले, तर पेटीतून कर्ज. सावकाराच्या दारात जावे लागत नाही. कोंडा आणि हरभऱ्याचा चुरा एकेकट्याने किलो-किलो घेण्यापेक्षा सगळ्यांचा मिळून पोत्याने घेतला की स्वस्त पडतो.

या गटांची आणखी एक पद्धत मला फार भावली. महिन्यातून एकदा सगळे मिळून सगळ्यांची जनावरे पाहत हिंडतात. पाठ, खूर, डोळे, अंगावरचे मांस, पाण्याची सोय, ठाणाची स्वच्छता. मोठ्या कागदावर प्रत्येक घोड्यापुढे रंग लावायचा. ठीक असेल तर हिरवा, बेताचे असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. आपल्या घोड्यापुढे लाल ठिपका चारचौघांत दिसला की पुढच्या महिन्यापर्यंत खोगिराखाली जाड पट्टू आपोआप येतो. सरकारी निरीक्षकाच्या दंडापेक्षा शेजारणीच्या नजरेला माणूस जास्त भितो, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

आपल्या गावांत घोडे आता थोडे. पण दिवाळीनंतर मोकळ्या रानात धनगर उतरतात, त्यांच्या बिऱ्हाडाची भांडी, जाळी, कोकरे आणि म्हातारी माणसे ज्यांच्या पाठीवर असतात ती घोडी आपण पाहतोच. आपण त्यांची मेंढरे खतासाठी शेतात बसवून घेतो, रातीचे दाणे देतो. तेवढ्यात घोड्यांसाठी हौदात पाणी आणि पेंढीभर कडबा वेगळा काढला तर आपल्याला जड जात नाही. गावाजवळ वीटभट्टी असेल तर तिथल्या गाढवा-खेचरांचीही हीच कथा. भट्टीमालकाला सांगून सावलीचा एक मांडव आणि पाण्याचा हौद करून घ्यायचा, याला ग्रामपंचायतीचा ठराव लागत नाही, दोन शहाणी माणसे जाऊन बोलली तर पुरते.

आणि कोणाला एखादी गोष्ट वर्गणीतूनच करायची असेल तर धनुर्वाताची लस घ्यावी. घोड्याच्या जातीला धनुर्वात फार लवकर धरतो. खिळा टोचला, नाल मारताना खूर दुखावला, एवढे निमित्त पुरते, आणि एकदा जबडा आवळला की जनावर बहुधा हातचे जाते. एकट्या धनगराने पशुवैद्याला बोलवायचे म्हणजे त्याचा अख्खा दिवस आणि गाडीभाडे. पंधरा-वीस जनावरे एका ठिकाणी, एका सकाळी उभी केली तर डॉक्टरांचा हेलपाटा एकच होतो. बिऱ्हाडे हलतात, म्हणून पुढच्या डोसाची तारीख आणि जनावराची खूण मालकाच्या चिठ्ठीवर लिहून द्यावी. लस बर्फाच्या डब्यात राहिली पाहिजे. तेव्हा ऊन तापण्याच्या आत, चारणीला सुटण्यापूर्वी, गावकुसाबाहेरच्या झाडाखाली सगळ्यांनी जमायचे असे आदल्या रात्रीच वाड्यावर जाऊन सांगून ठेवावे.